इंजिन ओळखणारी वैमानिक : ॲमी जॉन्सन



वाहतुकीची साधने हा घटक शिकवताना विमानाचं चित्र आलं की एक प्रश्न हमखास येतो. उडता उडता विमानाचं इंजिन बंद पडलं तर? उत्तरही मुलंच देतात. हात वर नेतात आणि बाकावर धाडकन आपटतात. खरं सांगायचं तर मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. इंजिन थांबलं की विमान दगडासारखं खाली, संपलं.

तसं नसतं. आणि हे मुलांना समजावून सांगायला मला सगळ्यात उपयोगी पडली ती ॲमी जॉन्सन. १९३० साली एकटीने इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला विमान नेणारी पहिली स्त्री, एवढं एक वाक्य तिच्याबद्दल सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत सापडतं. पण त्या एका वाक्याच्या आत जे आहे ते जास्त मोलाचं आहे, म्हणून आज तिच्याबद्दल जरा सविस्तर.

आधी इंजिनाचा प्रश्न निकालात काढू. उतारावर आपण सायकलचं पेडल मारणं थांबवलं तर सायकल थांबते का? नाही, घरंगळत पुढे जाते. छोट्या विमानाचंही तसंच. विमानाला वर धरून ठेवतात ते त्याचे पंख आणि पंखांवरून वाहणारी हवा. इंजिनाचं काम विमान पुढे ओढण्याचं, म्हणजे ती हवा वाहती ठेवण्याचं. इंजिन बंद पडलं की वैमानिक विमानाचं नाक थोडं खाली करतो, म्हणजे हवेतच एक उतार तयार करतो, आणि विमान त्या उतारावरून सरकत पुढे जातं. घार पंख न हलवता कशी तरंगत खाली येते, तसं. साधं छोटं विमान हजार फूट उंचीवर असेल, तर वारा नसताना ढोबळमानाने दोन-अडीच किलोमीटर लांब जाऊ शकतं. भीतीने नाक वर ओढलं तर मात्र वेग मरतो, पंखांवरची हवा तुटते, आणि मग खरोखरच विमान पडतं. म्हणजे घात बऱ्याचदा बंद इंजिन करत नाही, घाबरलेला हात करतो.

तेवढ्या दोन-चार मिनिटांत वैमानिकाला काय काय पाहावं लागतं बघा. खाली मोकळं, सपाट मैदान कुठे आहे? तारा, झाडं, खांब नाहीत ना? वारा कुठून येतोय? कारण उतरायचं ते वाऱ्याला तोंड देऊन. वारा समोरून असेल तर जमिनीच्या हिशोबाने वेग कमी होतो आणि विमान थोडक्या जागेत थांबतं. वारा पाठीमागून असेल तर तोच वारा ढकलत पुढे नेतो. उड्डाण घेतल्याघेतल्या इंजिन गेलं, तर धावपट्टीकडे मागे वळायचा मोह टाळायचा आणि समोर जे मिळेल तिथे उतरायचं, हे शिकाऊ वैमानिकांना पुन्हा पुन्हा बजावलं जातं. कमी उंचीवर वळण घेताना उंचीही जाते आणि वेगही.

आता ॲमीकडे वळू.

तिचा जन्म १ जुलै १९०३ चा, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हल या बंदराच्या गावी. वडिलांचा मासळीचा मोठा व्यापार. चार बहिणींत ही थोरली. शाळेत असताना क्रिकेटचा चेंडू तोंडावर बसून तिचा पुढचा दात तुटला, आणि पोर लोकांत मिसळायला बुजायला लागली असं तिची चरित्रं सांगतात. शेफील्ड विद्यापीठातून पदवी घेतली, लंडनला एका वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट-सेक्रेटरी म्हणून लागली. त्याच सुमारास एका तरुणाशी कित्येक वर्षांचं नातं तुटलं. त्याने दुसरीशी लग्न केलं. मन कुठेतरी गुंतवायला म्हणून की काय, १९२८ साली ती स्टॅग लेनच्या फ्लाइंग क्लबमध्ये जाऊ लागली.

इथे पुस्तकी चरित्रं एक चूक करतात. जन्मजात वैमानिक, रक्तातच आकाश, वगैरे वगैरे. ॲमी तशी मुळीच नव्हती. पहिल्या धड्यानंतर शिक्षकाने तिला फारशी आशा दाखवली नाही. एकटीने विमान उडवायची परवानगी मिळायला तिला इतरांपेक्षा जास्त तास लागले. विमान उतरवणं हा तर तिचा कायमचा कच्चा विषय. पुढे ती जगप्रसिद्ध झाली तेव्हाही लँडिंग कच्चंच राहिलं, आणि हे मी तिला कमी लेखायला लिहीत नाहीये. आपल्या वर्गातल्या ज्या मुलाला तिसऱ्यांदा समजावूनही भागाकार येत नाही, त्याच्यासाठी लिहितेय.

मग ती कशात पक्की होती? इंजिनात. सकाळी कचेरीला जायच्या आधी आणि सुट्टीच्या दिवशी ती क्लबच्या हँगरमध्ये जाऊन बसायची. तिथला मुख्य मेकॅनिक जॅक हम्फ्रीज याने तिला हाताखाली घेतलं. सुरुवातीला बाकीच्या मेकॅनिक मंडळींना ही कोण शिकलेली बाई ग्रीसमध्ये हात घालायला आली असं वाटलं असणार. पण ती झाडू मारण्यापासून सगळी कामं करू लागली, आणि हळूहळू त्यांच्यातलीच एक होऊन गेली. त्यांनी तिचं नाव जॉनी ठेवलं. जुलै १९२९ मध्ये तिला वैमानिकाचा परवाना मिळाला. आणि डिसेंबर १९२९ मध्ये ग्राउंड इंजिनिअरचा. म्हणजे उड्डाणाआधी इंजिन तपासून ते ठीक आहे असं सही करून सांगण्याचा अधिकार. ब्रिटनमध्ये हा परवाना मिळवणारी ती पहिली स्त्री. वैमानिक बायका तिच्या आधीही होत्या, पण बहुतेक पैसेवाल्या घरच्या. त्यांची विमानं दुसरं कोणी सांभाळायचं.

इथे थोडं माझं सांगते. आमच्या शाळेत विज्ञान कोपऱ्यातली बॅटरी-बल्बची जोडणी बिघडली की मी स्क्रूड्रायव्हर नकळत एखाद्या मुलाच्या हातात द्यायचे, आणि मुलीला सांगायचे की वहीत आकृती काढ. कोणी शिकवलं नव्हतं मला हे, आपोआप व्हायचं. ॲमीबद्दल वाचताना ते डोक्यात टोचलं. पालकांनो, तुमच्या घरात मिक्सरचा प्लग कोणाला उघडू देता, तेही एकदा आठवून बघा.

तर, हातात वैमानिकाचा परवाना, एकूण उड्डाणाचा अनुभव जेमतेम ८५ तासांच्या आसपास, सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे लंडन ते हल. आणि या बाईने ठरवलं ऑस्ट्रेलियाला जायचं. पैशासाठी तिने कित्येकांची दारं ठोठावली. शेवटी तेलाच्या व्यापारातले लॉर्ड वेकफिल्ड आणि तिचे वडील यांनी मिळून पैसे घातले आणि ६०० पौंडांत एक वापरलेलं जिप्सी मॉथ विमान आलं. दोन पंख एकावर एक, लाकडी सांगाडा, वर कापड. उघडी बैठक. साधारण १०० अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं, हवेने थंड होणारं इंजिन. वेग ताशी १३०-१४० किलोमीटर, म्हणजे आजच्या एक्सप्रेस गाडीइतका. नाव ठेवलं जेसन. वडिलांच्या मासळीच्या धंद्याचा तो ट्रेडमार्क होता.

५ मे १९३० रोजी सकाळी लंडनजवळच्या क्रॉयडनहून ती निघाली. तारीख नीट बघा. त्याच दिवशी, मध्यरात्र उलटल्यावर, दांडीजवळच्या कराडीच्या छावणीत गांधीजींना अटक झाली होती. ती भारतावरून उडत होती त्याच आठवड्यात आपल्या सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला. इतिहासाच्या तासाला कालरेषा काढताना ही दोन्ही टोकं एकाच रेषेवर मांडून दाखवा, मुलांचे डोळे मोठे होतात.

आता या प्रवासात इंजिनाने काय काय परीक्षा घेतली ते पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे.

विमानात जादा टाक्या बसवल्या होत्या. त्यातलं पेट्रोल हातपंपाने मुख्य टाकीत चढवावं लागे. तासन्‌तास पंप मारायचा, पेट्रोलचा वास नाकात, पोटात मळमळ. हात थांबला तर काही वेळाने इंजिन थांबणार. व्हिएन्ना आणि कॉन्स्टँटिनोपल गाठून ती तुर्कस्तानातल्या टॉरस पर्वताशी पोहोचली. वरून जावं म्हणून उंची घेतली तर इंजिन खोकल्यासारखं करू लागलं. उंचावर हवा विरळ असते, इंजिनाला पेट्रोल जाळायला पुरेसा प्राणवायू मिळत नाही, ताकद घटते. घाट चढताना आपलीही जुनी गाडी कशी धापा टाकते! इंजिनाचा हट्ट चालणार नाही हे तिने ओळखलं आणि खाली येऊन दऱ्यांमधून, रेल्वेमार्गाच्या आधाराने वाट काढली. ढगात शिरताना कडा अगदी जवळून गेला. थोडक्यात वाचली.

अलेप्पोहून बगदादला जाताना वाळूचं वादळ आलं. विमान काही क्षणांत हजारो फूट खाली फेकलं गेलं, डोळ्यांसमोर फक्त वाळू. अशा वेळी इंजिन चालू असलं तरी उडत राहणं शहाणपणाचं नसतं. तिने चाकं टेकवली. कुठे टेकली हे तिलाही दिसत नव्हतं. त्या विमानाला ब्रेक नव्हते आणि वारा त्याला मागे ढकलत होता. मग तिने काय केलं? विमानाचं तोंड वाऱ्याकडे केलं, सामान काढून चाकांमागे लावलं आणि धडपडत इंजिनावर कापडाचं आच्छादन बांधलं. लक्षात घ्या, जीव वाचल्यावर पहिली काळजी इंजिनाची. वाळूचे कण एकदा कार्बोरेटरमध्ये आणि सिलिंडरमध्ये गेले की ते आतून इंजिन घासून काढतात. मग कुत्र्यांच्या भुंकण्याचा आवाज आल्यासारखं वाटलं, तेव्हा पिस्तूल हातात धरून, वाऱ्याकडे पाठ करून ती शेपटीवर बसून राहिली. वादळ ओसरलं, आच्छादन काढलं, पंखा फिरवला आणि इंजिन सुरू झालं. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू होण्याचा आनंद ज्यांनी शेतावर हँडल मारून डिझेल इंजिन सुरू केलंय त्यांना सांगायला नको.

१० मेला ती कराचीला उतरली. कराचीपर्यंत ती बर्ट हिंकलर या वैमानिकाच्या विक्रमापेक्षा दोन दिवस पुढे होती, आणि तोवर जिची कोणी दखल घेतली नव्हती तिचं नाव एकदम जगभरच्या वर्तमानपत्रांत आलं.

दुसऱ्या दिवशी निघाली अलाहाबादला. समोरून वारा. समोरचा वारा असला की तेवढंच अंतर कापायला जास्त वेळ, म्हणजे जास्त पेट्रोल. शाळेतलं काळ-काम-वेगाचं गणितच ते. काटा खाली येत गेला, अलाहाबाद काही येईना. पेट्रोल पूर्ण संपून इंजिन गप्प होण्याआधी, हातात ताकद असतानाच उतरायचं तिने ठरवलं. हे फार महत्त्वाचं. बंद इंजिनाने मैदान गाठायची एकच संधी मिळते, चालू इंजिनाने चुकलं तर पुन्हा फेरी मारता येते. खाली गाव दिसलं ते झाशी. हो, आपल्या राणीची झाशी. विमानतळ दिसेना, लष्करी छावणीतलं कवायतीचं मैदान दिसलं. मैदान तोकडं, ब्रेक नाहीत. शिपाई सैरावैरा पळाले, विमान झाडं चुकवत गेलं आणि दोन बराकींच्या मध्ये जाऊन अडकलं. पंखाला मार बसला. तिथल्याच एका सुताराने तो पंख दुरुस्त केला. लाकूड आणि कापडाच्या विमानाचा हा एक फायदा, सुतार आणि शिंपी असले की भागतं. दुसऱ्याच दिवशी ती अलाहाबाद करून कलकत्त्याला पोहोचली.

आता तुम्ही म्हणाल, इंजिन एवढं नीट कसं चाललं? उत्तर रात्रीच्या कामात आहे. दिवसभर उडून कान बधिर झालेले, चेहरा उन्हाने भाजलेला, आणि उतरल्यावर पाहुणचार करणारी मंडळी जेवायला बोलवायला उभी. ही मात्र आधी इंजिनाशी. तेल काढून नवीन भरायचं. स्पार्क प्लग काढून काजळी साफ करायची. झडपांची फट तपासायची. पेट्रोल गाळून भरायचं, कारण पेट्रोलमध्ये थेंबभर पाणी किंवा कचरा राहिला तरी नळी तुंबते आणि आकाशात इंजिन आचके देतं. हे सगळं होईस्तोवर दोन-तीन तास जात. झोप कशीबशी तीनेक तास. पहाटे पुन्हा उड्डाण. कोणी मदतीला आलं तरी आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिचं समाधान होत नसे. त्या काळच्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि ठिणगीसाठी दोन वेगळे मॅग्नेटो असत, एक गेला तर दुसऱ्यावर इंजिन चालत राहावं म्हणून. छोट्या विमानांत आजही असंच असतं. पण दोन्हींची तपासणीच केली नाही तर दोन असून काय उपयोग?

कलकत्त्यानंतर मात्र पावसाने गाठलं. ब्रह्मदेशात पाऊस असा की रंगूनचं रेसकोर्स सापडेना. खाली एक मोकळं मैदान दिसलं, ती उतरली. ते होतं रंगूनजवळच्या इन्सिन इथल्या तंत्रशिक्षण संस्थेचं खेळाचं मैदान. विमान घसरत जाऊन चरात गेलं. पंखा मोडला, चाकांचा सांगाडा वाकला, पंख फाटला. विक्रमाची आशा इथे संपली आणि ती रडली असंही वाचायला मिळतं. पण जागा बघा कशी मिळाली, तंत्रशिक्षणाची संस्था! तिथली शिक्षक-विद्यार्थी मंडळी कामाला लागली. पंखा तर तिने जादा सोबत आणला होता, विमानाच्या कुशीला बांधून. पंखावर लावायचं खास कापड कुठून आणायचं? महायुद्धातलं उरलेलं विमानाचं कापड कोणीतरी विकत घेऊन त्याचे शर्ट शिवले होते. ते शर्ट उसवून पंखाला लावले. कापड ताणून धरणारं रोगण एका औषधविक्याने घोटून दिलं. तीन दिवस गेले. व्यवसाय शिक्षणाच्या कोणत्याही भाषणापेक्षा हा प्रसंग मला जास्त बोलका वाटतो.

पुढचं थोडक्यात. बँकॉक, सिंगापूर. जावामध्ये पुन्हा नाइलाजाने उतरावं लागलं, एका साखर कारखान्याच्या जागेत. तिथे नवं घर बांधायला बांबूच्या खुंट्या मारल्या होत्या, त्यांनी पंख फाडला. जखमेला लावायची चिकटपट्टी लावून तिने तो जोडला. तिमोर बेटावर विमानतळ सापडेना म्हणून एका खेड्याजवळ शेतात उतरली. मग समुद्रावरचा शेवटचा लांब टप्पा, जिथे इंजिन थांबलं तर खाली मैदान नव्हतंच. २४ मे १९३० रोजी ती डार्विनला पोहोचली. साडेएकोणीस दिवस, सुमारे १७,७०० किलोमीटर. हिंकलरचा साडेपंधरा दिवसांचा विक्रम काही मोडला नाही. एकटीने हे अंतर कापणारी पहिली स्त्री मात्र ती ठरली.

आणि पाचच दिवसांनी ब्रिस्बेनला, हजारो लोकांसमोर, तिने लँडिंगमध्ये जेसन उलटा केला. लागलं नाही फारसं. पण सांगितलं ना, लँडिंग कच्चं.

प्रसिद्धी प्रचंड मिळाली. एका वृत्तपत्राने १०,००० पौंड दिले, पण सभा, मिरवणुका आणि भाषणांचा दौरा एवढा लादला की तिला तो अर्ध्यावर सोडावा लागला. सिडनीच्या शाळकरी मुलांनी तिला सोन्याची नाणी भेट दिली होती. त्यातून तिने एक सोन्याचा चषक करवून घेतला आणि तो हल गावाला दिला, दरवर्षी धाडस दाखवणाऱ्या एखाद्या मुलाला देण्यासाठी. १९३१ मध्ये गुरू जॅक हम्फ्रीजला सोबत घेऊन ती मॉस्कोमार्गे टोकियोला गेली. शिष्या वैमानिक आणि गुरू सोबतीला, हे मला फार आवडतं. १९३२ मध्ये जिम मॉलिसन या नामवंत वैमानिकाशी लग्न केलं आणि त्याच वर्षी लंडन ते केप टाउनचा त्याचाच विक्रम मोडला. संसार काही धड झाला नाही. १९३८ मध्ये घटस्फोट झाला.

दोघांनी मिळून केलेल्या दोन उड्डाणांबद्दल मात्र सांगायलाच हवं. १९३३ च्या जुलैत ती दोघं वेल्सच्या किनाऱ्यावरून अमेरिकेला निघाली. न्यूयॉर्क अगदी हाताशी आलं होतं, पण ३९ तास उडून दोघांचा जीव मेटाकुटीला आलेला, पेट्रोल तळाला. ब्रिजपोर्टच्या विमानतळावर उतरताना, जिम विमान चालवत असताना, वारा पाठीमागून घेतला गेला. वर सांगितलेला नियम आठवा. विमान धावपट्टी ओलांडून दलदलीत उलटलं, दोघं जखमी झाली. आणि सकाळपर्यंत आठवण म्हणून लोकांनी विमानाचे तुकडे तोडून नेले.

दुसरं उड्डाण १९३४ चं. इंग्लंड ते मेलबर्न अशी जंगी शर्यत. मॉलिसन दांपत्याकडे कॉमेट नावाचं दोन इंजिनांचं, खास शर्यतीसाठी केलेलं विमान. कराचीपर्यंत ती दोघं सगळ्यांच्या पुढे. तिथून रात्री निघाल्यावर वाट चुकली आणि विमान उतरलं जबलपूरला. तिथे विमानाचं पेट्रोल नाही! मग एका बस कंपनीकडचं पेट्रोल भरलं. आता बघा काय होतं. शर्यतीच्या इंजिनात मिश्रण खूप दाबलं जातं, म्हणून त्याला उच्च प्रतीचं पेट्रोल लागतं. हलकं पेट्रोल ठिणगीची वाट पाहून संथपणे जळण्याऐवजी आतल्या आत भडका घेतं. भेसळीचं पेट्रोल भरल्यावर चढावर मोटारसायकल टकटक करते, ते याचंच छोटं रूप. उष्णता वाढते, पिस्टन अडकतो. कॉमेटचं तेच झालं. कशीबशी एका इंजिनावर अलाहाबाद गाठली आणि शर्यत तिथेच सोडावी लागली. जिंकलं कोण? तसंच दुसरं कॉमेट, ७१ तासांच्या आत. म्हणजे विमान कमी पडलं नव्हतं. १९३० साली शंभर अश्वशक्तीच्या साध्या इंजिनाला पेट्रोल गाळून पाजणारी ॲमी चार वर्षांनी त्याच प्रदेशात बसचं पेट्रोल भरून बसली. घाईत, दमलेल्या अवस्थेत, माहीत असलेली माणसंही चुकतात. हा भाग गाळून मुलांना चरित्र सांगू नका.

पुढे ती ब्रिटनच्या महिला अभियंत्यांच्या संस्थेची अध्यक्ष झाली. १९३६ मध्ये केप टाउनचा आणखी एक विक्रम केला. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर १९४० मध्ये ती एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलिअरीत दाखल झाली. कारखान्यातून आणि तळांवरून विमानं इकडून तिकडे पोहोचवायची, एवढंच काम.

५ जानेवारी १९४१. ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टनला दोन इंजिनांचं एक विमान न्यायचं होतं. सव्वा-दीड तासाचा मार्ग. थंडी कडाक्याची, आणि ढगांचा जाड थर. काही तासांनंतर, ठरलेल्या मार्गापासून दीडशेहून अधिक किलोमीटर दूर, टेम्स नदीच्या मुखाशी असलेल्या बोटींवरच्या लोकांना ढगातून पॅराशूट उतरताना दिसलं. सगळ्यात पटणारा खुलासा असा की ढगांच्या वर वाट चुकली, खाली यायला फट मिळाली नाही आणि पेट्रोल संपत आलं. बाकी तर्क आजही लढवले जातात. झाशीत, इन्सिनला, तिमोरला तिला निदान जमीन दिसत होती. मैदान लहान असो, चिखलाचं असो, निवडता येत होतं. या वेळी खाली नुसता पांढरा थर, आणि त्याखाली नदी आहे की शेत हे कळायला मार्ग नाही. अशा वेळी दोन इंजिनं असलेलं विमानही कामाचं नसतं. तिने विमान सोडलं. बर्फासारख्या पाण्यात ती बोटीच्या अगदी जवळ आली होती, पण हाती लागली नाही. वाचवायला हॅझलमिअर या जहाजाचा कप्तान वॉल्टर फ्लेचर याने उडी घेतली. त्या थंडीने त्याचाही जीव गेला. ॲमीचा देह कधीच सापडला नाही. ती ३७ वर्षांची होती.

जेसन मात्र आहे. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये तो हिरव्या रंगाचा छोटासा मॉथ टांगून ठेवलेला आहे. त्याचा फोटो मोठा करून मी वर्गात लावलाय, शेजारी जगाचा नकाशा. क्रॉयडनपासून डार्विनपर्यंत दोरा ताणलाय आणि जिथे जिथे ती नाइलाजाने उतरली तिथे लाल टाचणी. पुढच्या आठवड्यात व्हरांड्यातून कागदी विमानं सोडून उंची आणि गाठलेलं अंतर मोजायचं आहे. मोजपट्टी आणि वही मुलींकडे द्यायची नाही, एवढं ठरवलंय. त्या विमानं सोडतील.